बाळाचं जावळ, आईचं लुगडं, लग्नातल्या अक्षता : आठवणीचा दागिना घरी करायचाय? आधी हे वाचा

मोबाईल उघडला की हल्ली असे व्हिडिओ सारखे समोर येतात. काचेसारख्या लॉकेटमध्ये बाळाचं जावळ, लग्नाच्या हारातली पाकळी, नाहीतर गेलेल्या वडिलांची सही. अर्ध्या मिनिटात कुणीतरी दोन बाटल्यांतला द्रव एकत्र करतं, साच्यात ओततं आणि चकचकीत दागिना बाहेर काढतं. बघणाऱ्याला वाटतं, हे तर आपणही करू. साहित्य ऑनलाइन मिळतं, मोठ्या गावात हस्तकलेच्या दुकानातही मिळतं.

करता येतं, यात शंका नाही. पण व्हिडिओत एक गोष्ट सांगत नाहीत. साचा फाटला तर दुसरा आणता येतो. रेझिन वाया गेलं तर पुन्हा मागवता येतं. बाळाचं पहिलं जावळ मात्र पुन्हा येत नाही. आजी गेल्यावर तिच्या लुगड्याचा उरलेला तुकडा हा शेवटचाच असतो. आणि रेझिन एकदा घट्ट झालं की आत गेलेली वस्तू धड बाहेर निघत नाही.

म्हणून या कामात पहिला नियम एकच. जी वस्तू पुन्हा मिळणार नाही, ती सगळी एकदम वापरायची नाही. निम्मी बाजूला ठेवायची आणि आधी दुसऱ्याच कशावर तरी हात बसवायचा. एवढं पाळलं तर बाकी सगळ्या चुका सुधारता येतात.

आपल्याकडे हे नवीन नाही

लहान मुलाच्या कमरेला किंवा दंडाला बांधायचा ताईत आठवतो ना? चांदीच्या किंवा तांब्याच्या छोट्या नळीत नाळेचा वाळलेला तुकडा जपून ठेवायची पद्धत बऱ्याच घरांत होती. देवघरात कुलदैवताच्या टाकांशेजारी घरातल्या गेलेल्या माणसांचे टाकही अनेक ठिकाणी पुजले जातात. माणसाची आठवण धातूत, दागिन्यात जपायची ही आपलीच रीत आहे.

त्या ताईताचा एक मोठा गुण होता. त्याला झाकण होतं. उघडलं की आतली वस्तू जशी ठेवली तशी हातात यायची. आजच्या रेझिनच्या दागिन्यात वस्तू दिसते छान, पण ती कायमची बंद होते. कोणती पद्धत घ्यायची हे ठरवताना हा फरक लक्षात ठेवा.

तीन पद्धती, तुमच्यासाठी कोणती?

पहिली : उघडणारं लॉकेट किंवा ताईत-पेटी. गावातल्या सोनाराकडून छोटी चांदीची पेटी करून घ्या किंवा काचेचं झाकण असलेलं लॉकेट आणा. वस्तू पूर्ण वाळवा, आत ठेवा, झाकण लावा. रसायन नाही, वास नाही, वजनमाप नाही. वस्तू अगदी थोडी असेल, म्हणजे चार केस किंवा कापडाचा एकच तुकडा, तर हीच पद्धत घ्या. मनात आलं तर दहा वर्षांनीही बदलता येते.

दुसरी : यूव्ही रेझिन. हे एकाच बाटलीत येतं, काही मिसळावं लागत नाही. छोट्या यूव्ही दिव्याखाली काही मिनिटांत घट्ट होतं. लाइट गेली असेल तर कडक उन्हातही घट्ट होतं, फक्त वेळ जास्त लागतो. पण प्रकाश जिथे पोचत नाही तिथे ते कच्चंच राहतं. फोटोच्या मागे, केसांच्या दाट बटीखाली, मातीच्या थराखाली ओलं राहण्याची शक्यता मोठी. म्हणून ते पातळ पातळ थरांतच वापरायचं आणि दोन्ही बाजूंनी प्रकाश दाखवायचा. सपाट, पातळ वस्तूला हे चांगलं.

तिसरी : इपॉक्सी रेझिन. दोन बाटल्या असतात, एकीत रेझिन आणि दुसरीत हार्डनर. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळले की हळूहळू घट्ट होतात. हाताला न चिकटण्याइतकं व्हायला साधारण २४ तास आणि पूर्ण पक्कं व्हायला ७२ तास धरा. वेळ लागतो, पण जाड लॉकेट, फुलं, केस, अक्षता यांसाठी हेच भरवशाचं. पुढची माहिती मुख्यतः याच पद्धतीची आहे.

आत घालायची वस्तू आधी तयार करा

दागिना बिघडतो तो बहुतेक वेळा ओलाव्यामुळे. बाहेरून वाळलेली दिसणारी वस्तू आतून दमट असली की रेझिनमध्ये ती तपकिरी पडते, बुडबुडे येतात किंवा वरचा थर धुरकट होतो. प्रत्येक वस्तूची तयारी वेगळी.

जावळ किंवा केस : साध्या शाम्पूने हलक्या हाताने धुवा. तेल राहिलं तर रेझिन नीट धरत नाही. सावलीत दोन दिवस वाळवा. पंधरावीस केसांची बारीक बट करून एका टोकाला त्याच रंगाच्या दोऱ्याने बांधा. केस नीट वाळले असले की वर्षानुवर्षं टिकतात. जावळ देवाला किंवा नदीला वाहायची घरची रीत असेल तर ती मोडायची गरज नाही. दागिन्याला चार केस पुरतात.

नाळेचा तुकडा : तो पूर्ण कडक, कोरडा झालेला हवा. थोडाही मऊ असेल तर रेझिनमध्ये घालू नका. यासाठी जुना ताईतच सगळ्यात योग्य.

फुलं : ताजं फूल कधीच घालू नका. दोन मार्ग आहेत. पाकळ्या जुन्या वहीत कोऱ्या कागदांमध्ये दाबून दोन ते तीन आठवडे ठेवायच्या. नाहीतर बंद डब्यात साखरेसारख्या बारीक सिलिका जेलमध्ये पुरून पाच ते सात दिवस ठेवायच्या. बोटाने चुरगाळल्यावर पापडासारखी तुटली की समजायचं वाळली. रंग मात्र बदलणार. झेंडूची पाकळी रंग चांगला धरते. लाल गुलाब काळपट होतो. मोगरा आणि निशिगंध पांढरे राहत नाहीत, बदामी किंवा तपकिरी होतात. हे आधी माहीत असलं की नंतर वाईट वाटत नाही.

लग्नातल्या अक्षता : तांदूळ कोरडाच असतो, त्यामुळे काम सोपं. पण हळदीचा पिवळा रंग उजेडात फिका पडतो. अक्षतांचं लॉकेट रोज उन्हात घालायचं असेल तर काही महिन्यांत दाणे पांढुरके दिसू लागतील.

लुगड्याचा किंवा सदऱ्याचा तुकडा : कापड रेझिन शोषून घेतं आणि ओल्या कपड्यासारखं गडद, अर्धपारदर्शक दिसू लागतं. ते टाळायला तुकड्याच्या दोन्ही बाजूंना वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या पांढऱ्या गोंदाचे दोन पातळ हात द्या. पहिला हात वाळल्यावरच दुसरा. कडाही सोडू नका. जरीचा काठ असेल तर तोच निवडा, तो लॉकेटमध्ये सुंदर दिसतो.

फोटो, सही, हस्ताक्षर : मूळ कागद कधीच वापरू नका. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घ्या आणि लहान आकारात लेझर प्रिंट काढा. शाईच्या साध्या प्रिंटरवरची प्रिंट रेझिनमध्ये पसरू शकते. प्रिंटच्याही दोन्ही बाजूंना गोंदाचा हात द्यायला विसरू नका. सही पारदर्शक शीटवर छापून घेतली तर मागे दुसरा रंग किंवा माती ठेवता येते.

शेतातली माती : धरणात गेलेल्या, रस्त्यासाठी गेलेल्या किंवा विकाव्या लागलेल्या जमिनीची चिमूटभर माती जपणारी माणसं आहेत. ती चाळून घ्या, तव्यावर मंद आचेवर पाच-दहा मिनिटं परतून पूर्ण थंड करा. ओलावाही जातो आणि किडेमुंग्याही.

काय घालू नये : ओलं किंवा नासणारं काहीही. आईच्या दुधाचे दागिने हल्ली दिसतात, पण कच्चं दूध थेट रेझिनमध्ये टाकलं तर ते आत खराब होतं. त्यासाठी दुधावर आधी प्रक्रिया करून कोरडी पूड करावी लागते, ते नवशिक्याचं काम नाही. आणि एक कायद्याची गोष्ट. आजोबांच्या पेटीत खरं वाघनख किंवा बिबट्याचं नख असेल तर त्याचा दागिना करायला जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय ते बाळगणं आणि विकणं गुन्हा आहे.

साहित्य काय लागेल?

दागिन्यांसाठीचं पारदर्शक इपॉक्सी रेझिन आणि त्याच कंपनीचा हार्डनर. सिलिकॉनचा साचा. ०.१ ग्रॅम किंवा त्याहून बारीक दाखवणारा छोटा वजनकाटा. प्लास्टिकचे दोन पेले. आइस्क्रीमची सपाट काडी. टूथपिक. चिमटा. नायट्राइलचे हातमोजे. डोळ्यांना चष्मा. जमिनीवर अंथरायला प्लास्टिक. घट्ट झाल्यावर घासायला ४०० पासून २००० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर. भोक पाडायला हाताने फिरवायचं छोटं ड्रिल, आणि कड्या, साखळी किंवा दोरा.

या कामासाठी घेतलेला पेला, चमचा, वाटी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही. त्यावर मार्करने खूण करून ठेवा.

करायची पद्धत

१. जागा : हवा खेळती असलेली खोली, ओटा किंवा पडवी. स्वयंपाकघर नको, लहान मुलं खेळतात तिथे नको. साचा ठेवायची जागा सपाट आहे ना, हे मोबाईलमधल्या लेव्हल ॲपने बघून घ्या. उतारावर लॉकेट एका बाजूला जाड होतं.

२. प्रमाण : बाटलीवर काय लिहिलंय ते शांतपणे वाचा. कुठे २:१ असतं, कुठे १:१, कुठे ३:१. ते वजनाने आहे की मापाने, हेही बघा. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, म्हणून मापाने २:१ आणि वजनाने २:१ हे सारखं होत नाही. समजा वजनाने २:१ असेल तर १० ग्रॅम रेझिनला ५ ग्रॅम हार्डनर. अंदाजाने ओतायचं नाही. जास्त हार्डनर घातला की लवकर घट्ट होईल हा गैरसमज आहे. उलट ते कायम चिकट राहतं.

३. एकदम फार थोडं नको, फार जास्तही नको : ३ ग्रॅमच मिसळायला गेलात तर दोन थेंबांची चूकही मोठी ठरते. १५ ते २० ग्रॅम करा आणि चार-पाच साचे एकदम भरा. याउलट पेलाभर मिश्रण तसंच ठेवलं तर ते स्वतःच्या उष्णतेने तापतं. जास्त असेल तर पेला वितळून धूरही येऊ शकतो. लागेल तेवढंच, आणि लगेच साच्यात.

४. ढवळणं : तीन ते पाच मिनिटं सावकाश. पेल्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्या. जोरात फेटलं तर बुडबुडे भरतात. मग मिश्रण दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून आणखी एक मिनिट ढवळा. पहिल्या पेल्याच्या कडेला चिकटलेलं न मिसळलेलं रेझिनच पुढे चिकट डाग बनतं. थंडीत रेझिन घट्ट झालं असेल तर झाकण लावलेली बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा.

५. पहिला थर : साच्यात निम्म्याहून कमी ओता. टूथपिकने बुडबुडे फोडा. वर प्लास्टिकचा डबा पालथा घाला. धूळ आणि चिलटं नेमकी याच वेळी येऊन चिकटतात. तीन ते पाच तासांनी थर जेलीसारखा होतो.

६. वस्तू ठेवणं : वस्तूला आधी टूथपिकने रेझिनचा पातळ हात लावा, म्हणजे तिच्यात अडकलेली हवा निघते. मग चिमट्याने जेलीसारख्या थरावर ठेवा. खाली थर असल्याने ती तळाशी जात नाही आणि वर तरंगतही नाही.

७. दुसरा थर : नवीन मिश्रण करून साचा भरा. पुन्हा झाका. २४ तास हात लावायचा नाही. बुडबुडे काढायला लायटरची ज्योत फिरवतात, ते घरी टाळा. साचा खराब होतो, आतले केस करपतात आणि आगीचीही भीती असते.

८. काढणं आणि घासणं : साच्यातून काढल्यावर आणखी दोन दिवस ठेवा. मग भोक पाडून कडी बसवा. कडा घासायच्या तर पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनेच. कोरडं घासलं तर उडणारी बारीक पूड थेट छातीत जाते.

पहिली दोन लॉकेटं साध्या दोऱ्याची, कडुनिंबाच्या पानाची, दुकानातल्या तांदळाची करा. ती स्वच्छ, कडक आणि बुडबुड्यांविना निघाली की मगच जावळाला हात लावा.

पावसाळा आणि बिघाड

रेझिनला साधारण २२ ते २७ अंश तापमान आणि कोरडी हवा मानवते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच पाणी असतं. अशा वेळी वरचा थर धुरकट किंवा तेलकट होतो. घाई नसेल तर दिवाळीनंतर करा. करायचंच असेल तर भर पावसाचा दिवस टाळा आणि साचा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

दोन दिवसांनीही चिकट लागतंय? प्रमाण चुकलं किंवा ढवळणं कमी पडलं. नुसता पृष्ठभाग चिकट असेल तर वर नीट मिसळलेला नवा पातळ थर दिला की बहुतेक वेळा काम होतं. आतून पातळच राहिलं असेल तर ते खरवडून काढावं लागतं. वर धुरकट आलं असेल तर साबणाच्या पाण्याने धुवून, ओल्या पेपरने घासून, वाळवून नवा थर द्या.

जिवाची काळजी आधी

बाटलीवर फुलांचं चित्र असलं तरी आत रसायन आहे. न वाळलेलं रेझिन आणि हार्डनर कातडीला लागत राहिले की काही जणांना ॲलर्जी होते. खाज, पुरळ, लाल चट्टे येतात. ही ॲलर्जी एकदा बसली की सहसा आयुष्यभर राहते, पुढे थोडासा संपर्कही त्रास देतो. यूव्ही रेझिनलाही हेच लागू. म्हणून :

प्रत्येक वेळी नायट्राइलचे हातमोजे घाला. साधे रबरी पुरत नाहीत. हाताला लागलंच तर साबण आणि पाण्याने धुवा. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, स्पिरिट हाताला लावू नका, त्याने रसायन कातडीत आणखी जिरतं.

कापडी मास्क किंवा रुमाल बांधून वाफ अडत नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. नियमित काम करणार असाल तर रसायनांच्या वाफेसाठीचा, बाजूला डबी असलेला मास्क घ्या.

गरोदर बाईने आणि दमा असलेल्याने हे काम करू नये. लहान मुलं आणि जनावरं लांब ठेवा.

उरलेलं मिश्रण मोरीत, गटारात, विहिरीजवळ ओतू नका. पेल्यातच घट्ट होऊ द्या, मग कचऱ्यात टाका.

डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. आत काय आहे ते डॉक्टरांना कळायला हवं.

आणखी एक. जावळाचा दागिना बाळाच्या गळ्यात घालू नका. तो आईने घालायचा किंवा पेटीत ठेवायचा. लहान मण्यामुळे ठसका लागून श्वास अडकू शकतो, गळ्यातल्या दोऱ्याने फास बसू शकतो.

कडी-साखळी कसली घ्याल?

लॉकेट छान झालं आणि मानेला चट्टे आले, असं बऱ्याचदा होतं. त्याचं कारण अनेकदा साखळी असते. जर्मन सिल्व्हर या नावात चांदी आहे, पण धातूत चांदी अजिबात नसते. तो तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू असतो. निकेलची ॲलर्जी अनेकांना असते. खाज येणाऱ्यांनी ३१६एल प्रकारचं स्टील, खरी चांदी किंवा सरळ सुती-रेशमी दोरा घ्यावा. चांदीवर ९२५ असा आकडा असतो, म्हणजे १००० भागांत ९२५ भाग चांदी. पण नुसता आकडा कुणीही ठोकू शकतं. हॉलमार्क आणि पक्कं बिल मागा. मणी-दोऱ्याच्या गुंफणीसाठी आठवडी बाजारातल्या पटवेकऱ्याला विचारा. तो लॉकेट अशा गाठीत बसवून देतो की ती सहज सुटत नाही.

दुसऱ्यांसाठी करून विकायचं असेल तर

बचत गटातल्या बऱ्याच जणींना यात कमाई दिसते. ती होऊ शकते, पण इथे जबाबदारी दुप्पट आहे. लोक तुमच्याकडे सोन्याहून मोलाची वस्तू देतात, आणि ती हरवली तर पैसे परत देऊन भागत नाही.

सगळी वस्तू घेऊच नका. ‘निम्मी घरी ठेवा, निम्मीच द्या’ असं ग्राहकाला आधी सांगा. वस्तू हातात घेताना तिचा फोटो काढा, पाकिटावर नाव आणि तारीख लिहा, दोघांचं एकमत व्हॉट्सॲपवर लेखी ठेवा. एका वेळी एकाच घरची वस्तू टेबलावर. उरलेला केसही परत करा. गेलेल्या माणसाची रक्षा किंवा केस कुणी आणले तर घरातल्या बाकीच्यांना माहीत आहे ना, एवढं हळूच विचारा. नंतरचे वाद वाचतात.

खोटं आश्वासन देऊ नका. रेझिन काही वर्षांनी थोडं पिवळं पडतं, फुलाचा रंग बदलतो, हे ऑर्डर घेतानाच सांगा. चांदी नसेल तर चांदी म्हणू नका.

किंमत काढताना फक्त सामान मोजू नका. समजा एका लॉकेटला रेझिन ३० रुपये, कडी-साखळी ६०, डबी-पाकीट २५, मोजे-पेले १५, असे १३० रुपये झाले. हाताचं काम दोन तास, तासाला ७५ धरले तर १५०. बेरीज २८०. दहात एखादं बिघडणारच, त्याचे २८ धरा. म्हणजे ३०८. याच्या खाली विकलं तर तुम्ही स्वतःच्या मजुरीतून ग्राहकाला पैसे देताय. तुमच्या भागातले दर टाकून हाच हिशोब करा.

शिकायचं असेल तर जिल्ह्यातल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीमध्ये चौकशी करा. या संस्था बँका चालवतात आणि तिथलं प्रशिक्षण मोफत असतं. गटातून काम करणाऱ्यांनी उमेद अभियानाच्या तालुका कक्षात विक्री-प्रदर्शनांची माहिती घ्यावी. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी शुल्क लागत नाही.

आणि सावध राहा. ‘आधी आमचं किट विकत घ्या, मग घरबसल्या महिन्याला हमखास ऑर्डर देतो’ असा फोन किंवा मेसेज आला तर पैसे पाठवू नका. हमखास कामाच्या नावाने आधी पैसे मागणं, हीच फसवणुकीची खूण. पैसे गेलेच तर उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

झालेला दागिना कसा जपाल?

आंघोळ, भांडी-धुणं आणि शेतकामाच्या वेळी काढून ठेवा. अत्तर, सॅनिटायझर, फवारणीचं औषध लागू देऊ नका. घरगुती कामाचं रेझिन साधारण ५० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं, म्हणून उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याखालच्या खिडकीत ठेवू नका. वापरात नसताना मऊ कापडात गुंडाळून अंधाऱ्या डबीत ठेवा.

बाजूला ठेवलेला निम्मा भागही विसरू नका. तो कोऱ्या कागदात घडी करून, वर कुणाचं काय आणि कोणत्या सालचं हे पेनाने लिहून, घट्ट डबीत कपाटात ठेवा. दागिना कधी हरवेल, कधी पिवळा पडेल, कधी दुसऱ्या भावंडालाही हवासा वाटेल. तेव्हा ती डबीच कामी येईल.